वहिनींचे मनगट

ही गोष्ट माझ्या पत्नीलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो आहे, तेही लिहून. कारण बोलू लागलो, की ऐनवेळी मी विषय बदलतो. आजवर तेच करत आलो.

पन्नाशी उलटल्यावर मी पिस्तूल चालवायला शिकलो. ओहायोतल्या डब्लिनमध्ये आयुष्यभर संगणकासमोर बसलेला, चारचौघांत घसा कोरडा पडणारा माणूस मी. नामांकित कंपनीचे महागडे पिस्तूल घेतले, आणि नेमबाजीच्या रेंजवर अनोळखी लोक माझ्याकडे पाहून मान डोलावू लागले. ते मला किती हवे होते — कसे सांगू?

पण ते पिस्तूल अडकत असे. झाडलेल्या गोळीचे रिकामे टरफल बाहेर पडता पडता मध्येच रुतायचे. पहिल्याच महिन्यात चारदा. मी गोळ्यांना दोष दिला, वंगणाला दिला, थंडीला दिला. पिस्तुलाला — कधीच नाही.

शैलावहिनी माझ्या दिवंगत मित्राची पत्नी. त्याच्यामागे किराणा दुकान एकट्या चालवत. त्यांच्याकडे कुणी नावही न ऐकलेले स्वस्त पिस्तूल होते. रेंजवर मी त्याला खेळणे म्हणालो.

"अहो भावजी, माझं खेळणं निदान वाजतंय तरी! तुमचा जावई बघा, पुन्हा रुसून बसलाय."

माझे तेव्हा नेमके अडकले होते. आमच्या महाराष्ट्र मंडळातले दोघे शेजारी उभे होते. ते खो खो हसले. तो डंख मी विसरलो नाही. पुढे दोन महिने मी वहिनींना कंपनीची कीर्ती ऐकवत राहिलो, आणि अखेर जुने देऊन त्यांनी माझ्यासारखेच घेतले. तेही अडकले.

"मनगट सैल पडतं तुमचं, वहिनी. हात ढिला असला, की टरफल अडकतं."

माझेही असेच अडकते, हे त्या क्षणी सांगता आले नसते का? आले असते. वहिनी दुकानाच्या गल्ल्यावर बसून मनगट बळकट व्हावे म्हणून रोज रबरी चेंडू दाबू लागल्या.

मार्चमधल्या एका दुपारी दोघे लुटारू वहिनींच्या दुकानात शिरले. कॅमेऱ्याचे चित्रीकरण पोलिसांना काढून देण्यासाठी वहिनींच्या मुलीने मलाच बोलावले — संगणकातला माणूस म्हणून. मी ते पाहिले. वहिनींची पहिली गोळी एकाच्या खांद्यात घुसली. तो तांदळाच्या पोत्यांवर कोसळला. दुसरी सुटलीच नाही. त्या चाप दाबत राहिल्या. दुसऱ्याने पिस्तूल हिसकावले आणि त्या पिस्तुलाच्याच दस्त्याने त्यांच्या तोंडावर घाव घातले — सहा. रक्त काचेवर उडाले. जबडा तुटला, डावा डोळा गेला.

मग मी चित्र मागे नेले. गोळी सुटते तो क्षण थांबवला. मनगट हलले नव्हते. खांद्यापासून मुठीपर्यंत हात सरळ, आणि पिस्तुलात टरफल उभे रुतलेले.

फाइल पोलिसांना दिली. त्या थांबवलेल्या क्षणाविषयी — कुणालाही सांगितले नाही.

इस्पितळात वहिनींचा जबडा तारांनी बांधलेला होता. त्यांनी कागदावर लिहून दिले: "भावजी, ऐनवेळी माझाच हात सैल पडला. तुम्ही इतकं शिकवलंत. माफ करा."

मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी कागदाची घडी केली.

"असू दे, वहिनी," मी म्हणालो. "मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी उरलेला डोळा शांतपणे मिटला. मी त्यांना माफ केले होते.