भेकराच्या डोळ्याखालची खाच

पेंढा भरलेलं हरिण असं आपण अजून म्हणतो, पण पेंढा आता कुणी भरत नाही. फोमच्या ढाच्यावर कमावलेलं कातडं चढवतात, काचेचे डोळे बसवतात आणि पापण्या, ओठ, नाकपुड्या सुईने आणि मातीने आकाराला आणतात. असा माउंट चांगला की वाईट हे ठरवताना मी आधी लांब उभा राहतो. जनावर कशाकडे तरी बघतंय असं वाटलं पाहिजे. मग जवळ जाऊन टॉर्च मारतो. शिवण दिसते का, कानाच्या बुडाशी कातडं सुटलंय का, नाकपुडीच्या आत रंग नुसताच फासलाय का. हरणाच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते. डोकं वर असो की खाली, ती जमिनीशी समांतर लागते. शेवटी डोळ्याखालची खाच. तिथे गंधाची ग्रंथी असते. सुकताना कातडं आक्रसलं की ती खाच फाकते आणि नवख्याचं काम तिथे उघडं पडतं.

हे सगळं मला येतं. एका म्युझियमच्या स्टोअरमध्ये वीस वर्षं मी हेच केलं. त्यामुळे जे केलं ते न कळून केलं, असं मला म्हणता येत नाही.

काका लंडनजवळ मेडनहेडला राहतात. सख्खे नव्हेत; मराठी मंडळाच्या जेवणात त्यांनी मला गाठलं होतं. "मेलेली जनावरं जिवंत करणारा तूच का रे?" असं विचारून पंगतीत शेजारी बसवून घेतलं. त्यांची सगळी नोकरी हीथ्रोवर कार्गोत झाली. रिटायर झाल्यावर हाउन्सलोचं घर विकून ते तिकडे गेले आणि बागेमागच्या झाडीत त्यांना भेकर दिसलं. इंग्लंडात त्याला मंटजॅक म्हणतात. चिनी जात, आपल्या भेकराहून बुटकी. पण काकांनी मंटजॅक हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. चिपळूणकडच्या त्यांच्या गावात डोंगरउतारावर भुंकायचं तेच हे, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षं त्यांनी ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. मग एका सकाळी रस्त्याच्या कडेला गाडीने उडवलेला एक नर सापडला. तो त्यांनी गाडीच्या डिकीत घालून घरी आणला.

काकूंनी घर डोक्यावर घेतलं. "अहो, मढं आणलंत घरात? लोक रिटायर झाल्यावर गोल्फ खेळतात!"

शेवटी तह झाला. काय करायचं ते शेडमध्ये करा. जाणत्या परीक्षकांनी पास केलं तर फ्रंट रूममध्ये लावू, नाहीतर ते भेकर आणि त्याची सगळी हत्यारं कौन्सिलच्या टिपवर, कचऱ्यात. "तू साक्षीला आहेस हं," काकू मला म्हणाल्या.

मी एजवेअरच्या माझ्या घरून शनिवारी अधूनमधून जात असे. शिकवलं ते थोडंच. बाकी सगळं काकांनी डोळ्यांनी मिळवलेलं होतं. एकदा त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. बागेत नर भुंकत होता आणि दर भुंकण्याला त्याच्या डोळ्याखालची खाच पिशवीसारखी उलटून बाहेर येत होती.

"बघितलंस? चवताळलं की त्याला आणखी दोन डोळे फुटतात. मी तसंच करणार."

"करा," मी म्हटलं. "असं कुणी करत नाही."

माउंट करणाऱ्यांच्या आमच्या संस्थेच्या वार्षिक परीक्षणाला त्या वर्षी मला पहिल्यांदाच परीक्षक म्हणून बोलावलं होतं. माउंटवर नाव नसतं, फक्त नंबर. ओळखीच्या माणसाचं काम समोर आलं तर सांगायचं आणि बाजूला व्हायचं, असा नियम. भेकर मी दारातूनच ओळखलं. ताणलेली मान, किंचित उघडं तोंड, आणि डोळ्याखाली ती उलटलेली खाच. मी बाजूला झालो नाही. पहिल्याच वर्षी गडबड कशाला, एवढंच मनात आलं.

माझ्याबरोबरचा परीक्षक पक्ष्यांमधला जाणकार, म्हातारा इंग्रज, सरळ माणूस. त्याने खाचेवर टॉर्च धरला.

"हे सुकताना गेलंय की मुद्दाम केलंय? हरणांमधलं तुला कळतं. तू सांग."

मुद्दाम म्हटलं असतं तर भेकर पास होतं. पण मग संध्याकाळी यादी लागली असती: परीक्षकांत एक मराठी आडनाव, पास झालेल्यांत दुसरं. या देशात पंचवीस वर्षं मी एकच गोष्ट जपली होती, की आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये. नियम मी आधीच मोडला होता. आता तो झाकायला कडक होणं भाग होतं. आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही होता. म्युझियममध्ये मी दुसऱ्यांच्या माउंटवरची धूळ झटकली, फाटलेले कान जोडले. इतकं जिवंत तोंड माझ्या हातून कधी झालेलं नाही.

"सुकताना फाकली," मी म्हणालो.

त्याने मान हलवून गुण कापले. शेरा मी लिहिला.

कार पार्कमध्ये काकू डब्यातून तिखटमिठाच्या पुऱ्या काढत होत्या. काका कागद घेऊन आले.

"अरे, नापास. खाच सुकताना फाकली म्हणतात. तू होतास ना आत? सांगितलं नाहीस त्यांना?"

"त्याला कशाला कोर्टात उभं करताय?" काकू म्हणाल्या. "तो एकटा काय करणार तिथे?"

त्यांनी मला पळवाट दिली होती. तीही मला पुरली नाही. "काका, खरंच फाकली आहे," मी म्हटलं. "मोबाईलवरच्या त्या व्हिडिओत जरा जास्तच मोठी दिसते."

त्यांनी कागद पुन्हा वाचला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "मग माझंच चुकलं असेल," ते म्हणाले. "तुझी नजर तयार आहे. पुरी घे."

काकूंनी टिपची भाषा काढली नाही. "पुढच्या वर्षी एकदाच आणखी," एवढंच म्हणाल्या. दोनेक महिन्यांनी काकांनी मला बोलावलं. त्यांनी खाचेत मेण भरून ती मिटवली होती आणि वरून रंग दिला होता. काम इतकं सफाईदार, की आधी काय होतं ते कुणाला कळू नये. तोंड भुंकतंय, मान ताणलेली, आणि डोळ्याखाली निवांत रवंथ करणाऱ्या जनावराची बारीक रेघ.

"आता बरोबर?"

शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. मेण तेव्हाही काढता आलं असतं.

"हो काका, आता बरोबर."

पुढच्या वर्षी दुसऱ्या परीक्षकांनी ते पास केलं. फ्रंट रूमच्या भिंतीवर लागलं. पाहुणे आले की काका माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, "ह्याने चूक दाखवली म्हणून. नाहीतर मी तसंच घेऊन बसलो असतो." एकदा मी सुरुवात केली होती. "काका, ते पहिलं होतं ना…" त्यांनी मध्येच थांबवलं. "ते पहिलं काढू नकोस रे, लाज वाटते." आता सांगितलं तर त्या भिंतीकडे त्यांना कधी सुखाने बघता येणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घालतो. ती खोटी नाही. पण माझ्या सोयीची आहे, हेही मला कळतं.

सध्या ते फॅलो जातीच्या हरणाच्या मादीवर काम करताहेत. रविवारी सकाळी फोटो येतो, पाठोपाठ फोन.

"डावा कान किती मागे घेऊ?"

"तुम्ही पाहिलीत तेव्हा कसा होता?"

"मी पाहिलं त्याचं सोड. बरोबर काय ते सांग."

मी सांगतो. पलीकडे ते लिहून घेत असतात.