गटारीचं पाणी कुणाचं

ताडकळसच्या अलीकडच्या त्या गावात सुलाबाईचं घर उताराच्या अगदी शेवटी होतं. वरच्या आळीतली मोठी बारव बहात्तरच्या दुष्काळातही आटली नव्हती. तिच्यातून बौद्धवाड्यातल्या कुणी घागर भरलेली गावाला खपत नसे. पण त्याच पाण्यानं वरच्यांनी अंघोळी केल्या, भांडी घासली, धुणी धुतली, की ते काळं पाणी बिनबोभाट सुलाबाईच्या दारात यायचं. त्याला मात्र कुणाची आडकाठी नव्हती!

वर्षानुवर्षं ती नाकाला पदर लावून दारातला चिखल तुडवत आली. बहात्तरच्या त्याच दुष्काळात चारा संपला, एकुलत्या म्हशीच्या बरगड्या दिसू लागल्या, तेव्हा तिच्या डोक्यात आलं, की हे घाण पाणीच कामाला लावावं. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि सांजच्याला नवऱ्याच्या, सटवाजीच्या बरोबरीनं खड्डे खणायचे. असे एकाखाली एक तीन खड्डे झाले. पहिल्यात राख, चिखल, खरकटं तळाला बसायचं. दुसऱ्यात खडी नि वाळू घातली. तिसऱ्यात नदीकाठचा लव्हाळा आणून लावला. शेवटी निघायचं ते पाणी काही पिण्याजोगं नव्हतं, पण त्याला वास नव्हता. त्यावर तिनं परसात कडवळ पेरलं. पहिल्या खड्ड्यातला गाळ उपसून वाळवला, की त्याचंच खत. उन्हाळ्यात सगळं रान भाजून निघालं, तरी सुलाबाईच्या परसात हिरवा चारा उभा होता आणि म्हैस दूध देत होती. शाळेत जाणाऱ्या पोरीला पेलाभर मिळत होतं.

झालं! गावाच्या डोळ्यात खुपायला एवढं पुरे होतं. इतके दिवस जी घाण कुणाचीच नव्हती, ती एकाएकी गावाची मालमत्ता झाली. सरपंच माणिकरावांची मोसंबी वाळत होती. ते बौद्धवाड्याच्या तोंडाशी उभे राहून म्हणाले, "ए सुले, गटार गावाची हाय. पानी बी गावाचं. तू कुनाला इचारून घेतलंस?"

"इतकी वर्सं आमच्या दारात सोडलात, तवा कुनाला इचारलं होतं?" सुलाबाई म्हणाली.

माणिकराव आले तसे फिरले. दुसऱ्या दिवशी गडी लावून त्यांनी वरच्या वर चर खणला आणि गटार मोसंबीकडं वळवली. तिच्यासारखे गाळाचे खड्डे खणायच्या भानगडीत काही ते पडले नाहीत. सुलाबाईचं कडवळ बघता बघता पिवळं पडलं. सटवाजी पंचायतीत दाद मागायला गेला, तर तिथं खुर्चीत माणिकरावच! आता बोला.

पण माणिकरावांचा चर राखेनं नि खरकट्यानं पार तुंबला. पाणी मागं फिरलं आणि थेट त्यांच्याच ओसरीपुढं साचलं. घाण आणि डास घरादाराला बसू देईनात. गडी म्हणाले, हे आमचं काम न्हाई. तेव्हा माणिकराव पुन्हा उतार उतरून आले. या वेळी 'सुले'ची 'सुलाबाई' झाली होती.

"सुलाबाई, पानी परत तुमच्याकडं सोडतो. म्हैस जगंल तुमची. फक्त वरची गटार तुमच्या वाड्यातल्या लोकांनी उपसत जायची. आधी करतच होते की."

सुलाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गाळाची तिला शिसारी नव्हती. स्वतःच्या खड्ड्यातला तिनं दोन्ही हातांनी उपसला होता. पण गावाची गटार उपसणं आणि गावाची मेलेली ढोरं ओढणं सगळ्या वाड्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच सोडलं होतं. आणि हा माणूस खरकट्या पाण्याच्या बदल्यात ते परत त्यांच्या गळ्यात बांधायला आला होता!

"आधी करत होतो, म्हनून तर सोडलं," ती म्हणाली. "पानी गावाचं म्हनलात न्हवं? मंग गाळ बी गावाचाच. फावडं घ्या अन् उतरा."

माणिकराव पाय आपटत गेले. पाणी काही आलं नाही. म्हैस चारा छावणीत नेण्यावाचून इलाज उरला नाही, आणि तिथली जनावरं कशी खंगतात ते दोघांनी पाहिलं होतं. सटवाजीला राहवेना.

"व्हय म्हनली असतीस, तर काय बिघडलं असतं?"

"आज मी उपसली असती. उद्या त्यांनी आपल्या पोरीला शाळंतून हाक मारून बोलावलं असतं."

 सटवाजीनं म्हशीचं दावं सोडलं.