एक्सपायरीचा मंगळवार

आंबिवली स्टेशनाबाहेर भगवानदादांचं मेडिकल आहे. शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान. बावीस वर्षांत तारीख उलटलेली एक गोळी त्यांनी कुणाला दिली नाही. एक्सपायरीचा माल होलसेलरकडे परत करायचा आणि पैसे जमा करून घ्यायचे, हे त्यांना पाठ. तेच त्यांना नडलं. पट्टीचे पोहणारेच बुडतात, ते काही उगाच नाही.

दादांनी मोबाइलवर फ्युचर घेतलं. म्हणजे एका कंपनीचे पाचशे शेअर महिनाअखेरीला तेराशेच्या भावानं घ्यायचा करार. सगळे पैसे आधी लागत नाहीत, अनामत ठेवायची. तिला मार्जिन म्हणतात. दादांनी त्यासाठी टिटवाळ्याच्या फ्लॅटच्या हप्त्याचे दोन लाख ठेवले. भाव पडत गेला, तसे रोज पैसे कापले जाऊ लागले. दादा निवांत. कराराची मुदत संपते त्या दिवसालाही एक्सपायरीच म्हणतात, म्हणजे एक्सपायरीला सौदा परत, पैसेही परत! कुणाला विचारायला मात्र लाज वाटली.

शेवटच्या मंगळवारी तीन वाजता ब्रोकरच्या ऑफिसातून फोन आला. मुलगी दर्शना काउंटरवर होती. तिनं स्पीकर लावला.

"सर, साडेतीनच्या आत विका. नाहीतर पाचशे शेअर पूर्ण पैसे भरून घ्यावे लागतील. पावणेसहा लाख."

"पण आज एक्सपायरी ना? रद्द होईल की!"

"रद्द नाही होत. आज सौदा पुरा करावाच लागतो."

"आणि कापलेले पंचाहत्तर हजार?"

"तो तुमचा लॉस, सर."

दादांच्या तोंडचं पाणी पळालं. मी माझं मशीन बंद करून तिथे गेलो.

"पप्पा, विका ना!" दर्शना म्हणाली.

"थांब गं, भाव वर येईल."

"नाही आला तर? दुकान विकणार का?"

तीन पंचवीस झाले. दादांनी फोन हातात घेतला, पण विकायचं बटण सापडेना. मला त्यांचा रागही येत होता आणि दयाही. शेवटी दर्शनानं फोन हिसकावला आणि विकून टाकलं. दुकान वाचलं.

तेवढ्यात मंजुळावहिनींचा फोन आला. त्या फ्लॅट बघायला टिटवाळ्याला गेल्या होत्या. गडबडीत दर्शनानं तोही स्पीकरवरच घेतला.

"अहो, हा बिल्डरचा माणूस म्हणतो, हप्ता आलाच नाही. मी भांडले त्याच्याशी! म्हटलं, भरला असं माझ्या नवऱ्यानं सांगितलंय, तो खोटं बोलत नाही."

दादांनी दर्शनाकडून फोन घेतला.

"त्याची माफी माग, मंजुळा," ते म्हणाले, "आणि घरी ये."