वैद्याने वाचलेले चार टायर

त्याला सगळे वैद्य म्हणायचे. औषधाशी त्याचा संबंध एवढाच, की खोकल्याची गोळीसुद्धा तो बायकोला विचारून घ्यायचा. पण टायरवर तळहात फिरवून तो जे सांगायचा ते ऐकून माणसं तोंडात बोटं घालायची. 'पुढचं डावं चाक खड्ड्यात आपटलंय.' 'ही गाडी दोघं चालवतात, आणि त्यातला एक ब्रेकवर पाय ठेवूनच बसतो.' 'हवा भरून दोन महिने झाले, उगाच थापा मारू नका.' नाडी बघितल्यासारखे डोळे मिटायचा आणि मग बोलायचा. दहापैकी नऊदा बरोबर निघायचं. दहाव्या वेळी काय व्हायचं ते कोणाला कधी कळलं नाही, कारण गिऱ्हाईक आपलं खजील होऊन मान हलवायचं आणि नवे टायर घेऊन जायचं.

दुकान म्हणजे पत्र्याखालची एक लांब खोली. एका भिंतीला नवे टायर, दुसऱ्या भिंतीला जुने, मध्ये चाक फिरवून तोल बघायचं यंत्र, आणि कोपऱ्यात हवेचा पंप, जो नेमका कोणी फोनवर बोलायला लागलं की सुरू व्हायचा. काउंटरवर बायको. तिच्यामागे खिळ्याला एक छोटं गेज टांगलेलं असायचं, टायरच्या खाचेची खोली मोजायचं. ते ती वापरायची, जुने टायर विकताना. मोजायचं, खडूने टायरवर आकडा लिहायचा, झालं काम.

"अहो, तुम्हीही लावत जा की हे कधीतरी," ती म्हणायची.

"अगं, तू भाजीत मीठ टाकताना तराजू घेऊन बसतेस का?"

पण तिला ते पटलेलं नसायचं, आणि न पटलेली गोष्ट ती नीट जपून ठेवायची.

काका त्याचा अठरा वर्षांपासूनचा दोस्त. डॉक्टरबाईंच्या घरचा ड्रायव्हर. बाई दातांच्या डॉक्टर. त्या दप्तर घेऊन शाळेत जायच्या तेव्हापासून काका त्यांची ने-आण करत होते, म्हणून त्या काका म्हणायच्या आणि मग सगळं गावच म्हणायला लागलं. त्या घरच्या गाडीचा टायर कधी दुसऱ्या दुकानात बदलला गेला नाही. काका यायचे, टायरच्या थप्पीवर बसायचे, वैद्याची टर उडवायचे आणि चहा पिऊन जायचे.

तर बाईंनी स्वतःच्या कमाईने एक स्पोर्ट्स कार घेतली होती. निळी, दोनच माणसांची, आणि इतकी बसकी की आत शिरायचं म्हणजे आधी कंबरेची परवानगी काढावी लागे. बाई तीन महिने कसल्याशा शिक्षणासाठी परदेशी राहून आल्या. येऊन गाडी बाहेर काढली तर स्टिअरिंग धडधडतंय, चाक उड्या मारतंय. आतल्या कडेला रबरही झिजलेलं. काका म्हणाले, "बाई, दुसरीकडे कुठे जाऊच नका. आपल्या वैद्याकडे चला. टायरकडे बघून माणूस ओळखतो तो." हे काकांनीच सांगितलं, बरं का. स्वतःच्या तोंडाने.

गाडी दारात उभी राहिली तेव्हा वैद्याची छाती दोन इंच फुगली. आयुष्यभर टॅक्स्या, टेंपो आणि ट्रक केलेला माणूस. असली गाडी त्याच्या दुकानाची पायरी पहिल्यांदाच चढत होती. रस्त्यावरचे चार लोकही थांबून बघायला लागले.

बाई म्हणाल्या, "मला दोन प्रकारचे टायर सुचवलेत. एक मऊ आहे, रस्ता घट्ट धरतो, पण लवकर झिजतो. दुसरा कडक, जास्त टिकतो, पण वळणावर तेवढी पकड नाही म्हणे. कुठला घेऊ?"

"ते गाडी कशी चालवता त्यावर आहे. थांबा, जुने टायरच सांगतील."

त्याने चारही चाकं उतरवली, एकेक यंत्रावर फिरवलं, डोळे मिटून तळहात लावला. प्रत्येक टायर एका जागी चपटा लागत होता. मागच्या दोन्हींची आतली कड साफ गेलेली. वैद्य हसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई, गाडी दामटता की तुम्ही! कचकन ब्रेक मारून चाकं घासत नेलीत. आणि वळणावर वेग कमी करायचं नावच नाही. मऊ टायर घ्याल तर चार महिन्यांत धूर काढाल."

बाई हसल्या नाहीत. "पण जाण्याच्या आदल्या आठवड्यात मी तपासून घेतली होती गाडी. तेव्हा एकदम ठीक होती. मी तर तीन महिने इथे नव्हते."

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकांच्या हातात चहाचा कप होता.

"मी नाही हो बाई," काका म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतंत, आठवड्याला एक चक्कर मारत जा म्हणून. पण ओरखडा उठला तर काय, या भीतीने मी फाटकाबाहेरसुद्धा नेली नाही. जागच्या जागी चालू करायचो आणि बंद करायचो."

इथे वैद्याला थांबता आलं असतं. नुसतं 'बघू, मोजून बघू' म्हणाला असता तरी पुरलं असतं. खिळ्यावर गेज होतं, हाताच्या अंतरावर. पण चार लोक बघत होते, दारात ती निळी गाडी होती, आणि आपलं चुकलं असं चारचौघांत म्हणायची सवय या माणसाला कधी लागलीच नव्हती. तो म्हणाला, "काका, माणूस काहीही बोलेल. टायर खोटं बोलत नाही."

काकांनी कप खाली ठेवला. बाईंनी कडक टायर सांगितले आणि चाकं परत चढवून झाल्यावर गाडीत जाऊन बसल्या. दोन दिवसांनी माल आला. टायर बसवून घ्यायला बाई एकट्याच आल्या. वैद्याने विचारलंही, "काका कुठंयत?" बाई म्हणाल्या, "घरी आहेत." विषय संपला. तो मनात जरा चरकला. पण टायर छान बसले होते, बाईंनी पैसेही रोख दिले, आणि तो दिवस तसाच गेला.

पुढच्या आठवड्यात जुने टायर घेणारा आला. बायको गेज आणि खडू घेऊन त्या चार टायरांपाशी बसली. बराच वेळ उठली नाही.

"अहो, इकडे या जरा."

"काय झालं?"

"तुम्ही म्हणालात ब्रेक मारून घासलेत. घासलं तर त्या जागचं रबर खाल्लं जाईल ना? मी चपट्या जागी मोजलं, समोरच्या बाजूला मोजलं, चारही टायरांवर. खोली सारखीच आहे. काडीचाही फरक नाही."

वैद्याने तिच्या हातातून गेज घेतलं. मोजलं. पुन्हा मोजलं. आता तुम्हीच सांगा, ज्याने तीस वर्षं टायरात घालवली त्याला हे कळायला किती वेळ लागणार? गाडी जागची हलली नव्हती. एकाच जागी तीन महिने उभी राहून, हवा कमी होत होत, वजनाने टायर बसले होते. घासलेला टायर आणि बसलेला टायर, तळहाताला दोन्ही चपटेच लागतात. काका अक्षर न् अक्षर खरं बोलले होते.

"आणि आतली कड?" बायकोने विचारलं.

त्याने चाकांची जुळणी करणाऱ्या एका ओळखीच्याला फोन लावला. तो हसायलाच लागला. "अरे, त्या बसक्या गाड्यांची चाकं कारखान्यातूनच आत कललेली असतात. आतली कड आधी जाणारच, गाडी ऐंशी वर्षांच्या आजीने चालवली तरी. आणि चाक उतरवल्याशिवाय ते दिसतही नाही. तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. टेंपोचं ज्ञान त्याने स्पोर्ट्स कारला लावलं होतं, आणि वर छाती ठोकून.

त्या दुपारी तो जेवला नाही. बायको टोचून बोलेल असं त्याला वाटलं होतं, बोलली असती तर बरंच झालं असतं. ती फक्त म्हणाली, "जुने टायर विकत नाही मी हे. तुम्ही आधी जाऊन या."

"बाईंकडे?"

"आधी काकांकडे."

काकांच्या दोन खोल्या गल्लीच्या टोकाला. काका पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होते. वैद्याला बघून त्यांनी ब्रश ठेवला नाही.

"ये. बस."

"बसायला नाही आलो. चुकलो मी, काका. साफ चुकलो." आणि त्याने सगळं सांगितलं. गेज, खोली, कललेली चाकं. "आत्ताच्या आत्ता बाईंकडे जातो. पाय धरतो त्यांचे. चारचौघांत बोललो, चारचौघांत परत घेतो."

"नको," काका म्हणाले.

"नको काय? तुझ्यावर आळ घेतलाय मी!"

काकांनी बूट बाजूला ठेवला. "दोन दिवस मी सांगत होतो, मी नेली नाही, नेली नाही. बाई बोलेनात. मी गाडीचं दार उघडून धरलं तर त्या दुसऱ्या बाजूने बसल्या. लहानपणापासून कधी असं वागली नव्हती रे ती पोर. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, 'काका, गाडीचं मला काही नाही. पण तुम्ही माझ्याशी खोटं बोलताय हे मला सहन होत नाही. खरं सांगा, मी विसरून जाईन.'" त्यांनी ब्रशही खाली ठेवला. "अठ्ठावन्न पूर्ण झालीत मला. या वयात नवा ड्रायव्हर म्हणून कोण ठेवणार? आणि ठेवला तरी ते घर थोडंच मिळणार! मी म्हटलं, हो बाई, नेली होती. दोनतीनदा. मोह झाला."

वैद्य खाली पायरीवर बसला.

"रडल्या बाई. म्हणाल्या, आता मन मोकळं झालं. निळ्या गाडीची किल्ली तेवढी कपाटात ठेवलीय. बाकी सगळं होतं तसं. आता तू जाऊन सांगणार, की काका खरं बोलत होते. मग मी तिसऱ्या दिवशी बोललो ते काय? डोळ्यांत डोळे घालून बोललो मी. 'खोटं सहन होत नाही' म्हणाली होती ती."

"पण तू तर..."

"तू टायरला विचारलंस, तेव्हा मला विचारायला हवं होतंस. अठरा वर्षं चहा पितोय आपण." काकांच्या आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. "आता राहू दे. वचन दे मला."

त्याने दिलं. काय करणार! न देऊन जाणार कुठे?

त्यानंतर वैद्याने टायर वाचणं सोडलं. कोणी आग्रह केला तर म्हणायचा, गेज लावून बघू. लोक म्हणायला लागले, वैद्य म्हातारा झाला. जुने चार टायर त्याने विकलेही नाहीत आणि फेकलेही नाहीत. दुकानामागे ताडपत्रीखाली ठेवले. मागच्या दाराने जायचं असलं की तो पुढून वळसा घालून जायचा. माणसाने चूक करावी, पस्तावावं, माफी मागावी आणि मोकळं व्हावं, एवढीशी सोय असते जगात. त्याने ती स्वतःच्या हाताने घालवली होती, आणि दुसऱ्याचं नाव त्यात बुडालं होतं.

पाचसहा महिन्यांनी एका सकाळी दारात दोन गाड्या थांबल्या. एक बाईंच्या आईची जुनी गाडी, काका चालवत होते, बाई मागे. दुसरी तसलीच बसकी, पिवळी, बाईंच्या मैत्रिणीची. तिलाही टायर बदलायचे होते आणि तिलाही मऊ घ्यावेत की कडक, हा प्रश्न पडला होता.

बाई एकदम खुशीत होत्या. "अगं, यांना काही सांगायला लागत नाही. टायरवर हात ठेवतात आणि सगळी भांडी फोडतात. आमच्या काकांनाच पकडलं होतं यांनी! मी परदेशात, आणि काका माझ्या गाडीतून शर्यती लावतायत!" त्या खळखळून हसल्या. त्यांच्यासाठी तो किस्सा आता घरातला विनोद झाला होता, मायेनेच सांगायचा. "होय की नाही हो काका?"

काका गाडीला टेकून उभे होते. ते हसले. "होय बाई. चांगलं पकडलं होतं."

"सांगा ना हो तुम्ही," मैत्रीण वैद्याला म्हणाली, "कसं ओळखलंत?"

काउंटरवर बायकोने लिहिणं थांबवलं. वैद्याने काकांकडे बघितलं. काकांनी नुसती मान खाली-वर केली, सांग म्हणून. त्याला वाटलं, ओरडावं, ताडपत्री काढून ते चारही टायर रस्त्यावर टाकावेत. आणि त्याने तोंड उघडलं.

"ब्रेकवरून," तो म्हणाला. "चपटे झाले होते ना. कचकन ब्रेक मारले की होतात तसे."

"बघ!" बाई म्हणाल्या.

मग त्याने खिळ्यावरचं गेज घेतलं, पिवळ्या गाडीचे टायर मोजले, सांगितलं की हवा कमी आहे आणि तुम्ही शहरातच फिरत असाल तर कडकच घ्या. मैत्रीण जरा हिरमुसली. तिला नाडी बघून घ्यायची होती. मागणी लिहून झाली आणि दोघी बोलत बोलत बाहेर गेल्या.

काका गाडीकडे निघाले आणि परत वळले. त्यांनी वैद्याचा हात हातात घेतला, घट्ट दाबला. त्यांचे डोळे भरले होते.

"उपकार झाले गड्या," ते हळूच म्हणाले.

आणि बाईंसाठी दार उघडायला धावले. उपकार मानण्याऐवजी काकांनी मुस्काटात मारली असती, तर वैद्याला त्या दिवशी घास तरी गिळता आला असता.