फुकट पंपाची चावी

आफ्रिकेतल्या मलावीच्या बाईला पाणी दाखवायला महागावकडे न्यावं, हे सुचलं मलाच. त्यामुळे तक्रारीची सोय नाही. ग्रेस नागपुरात शेती शिकते, आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. तिच्या गावाला एक परदेशी संस्था सौरपंप फुकट देत होती. अट एकच: पेटीला कुलूप, चावी शहरातल्या मिस्त्रीकडे. घ्यायचा का, हे गावाने तिलाच विचारलं होतं. नदी तासाभरावर, हंडे बायकांच्या डोक्यावर.

सकाळच्या एसटीने यवतमाळ, तिथून महागावची गाडी. अख्खा दिवस धरा आणि कंबरेला आधी कल्पना द्या. आर्णीत भज्यांबरोबरची मिरची ग्रेसने शांतपणे खाल्ली; पाणी मी प्यालो. लॉजवर पंखा फिरतो, वारा वेगळा मागावा लागतो.

दुसऱ्या दिवशी ऑटोने तांड्यावर. जाऊन-येऊन साडेतीनशे. तिथे अगदी तसाच पंप उभा होता, बंद.

"मिस्त्री येऊन राह्यला," सोनाबाई म्हणाल्या. सत्तरीच्या, तांड्यात शब्दाला वजन.

"कधीपासून?"

"नातवाच्या बारशापासून. आता तो शाळेत जाते."

विहीर मात्र भरलेली. दर शनिवारी घरटी एक माणूस गाळ काढतो. जो चुकवेल, त्याच्या घरी सगळ्यांचा चहा. मी लगेच ग्रेसला स्वावलंबनावर चार वाक्यं ऐकवली.

"काय सांगून राह्यले तिले?" सोनाबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"कायचं काय, भाऊ! पंप आला तवा आमीच शनिवार मोडला. फुकट पानी हाय, गाळात कायले उतरा? मंग पंप बंद पडला, अन् विहिरीत मांडीएवढा गाळ. दोन उन्हाळे टँकरमागं धावलो."

ग्रेसने माझ्यामार्फत विचारलं, "मग नाही म्हणू?"

"काहून नाही म्हनतं? हंडा तुह्या मायच्या डोक्यावर हाय, याच्या नाही. घे. पन चावी मांग."

परतीच्या गाडीतच ग्रेसने संस्थेला तसं कळवलं.

बारा दिवसांनी उत्तर आलं. तिची सूचना त्यांना फार मोलाची वाटली होती. पंप शेजारच्या गावाला दिला. आता ग्रेसच्या गावातल्या बायका स्वतःच विहीर खणताहेत. पाणी लागलेलं नाही. आई अजून नदीवर जाते.

हे ती जिन्यात सांगत होती. अभिमान वाटायला हवा, असं काहीतरी मी म्हणणार, तोच वर तिची बादली भरून वाहायला लागली, आणि ती नळ बंद करायला पळाली.