गोठ्याचा चौकोन

सिंगापुरात क्लेमेंटीहून वन-नॉर्थला जाणाऱ्या बसमध्ये एक तमिळ अंकल रोज मांडीवर अमेरिकेतल्या गुरांच्या मुलखाचा जुना नकाशा पसरत. आमचे साहेब ऑफिसात ‘रोडमॅप’ दाखवतात, त्यात रस्ता नसतो. अंकलच्या नकाशात विहिरी, पवनचक्क्या, गोठेसुद्धा नावानिशी होते.

“अंकल, तिकडे राहिलात का?”

“नाही लाह!” वाक्याला इथला ‘लाह’ जोडत ते म्हणाले. “माझ्या वडिलांचा गोठा इथेच होता, तुझ्या ऑफिसखाली. आमच्या कुठल्याच नकाशात तो सापडत नाही. तिकडे बघ, गुरांनाही पत्ता!”

काल मी त्यांना सिंगापूरचा नकाशा नेऊन दिला. त्यांनी आमच्या ऑफिसवर पेन्सिलीने चौकोन काढला आणि त्यात एकेका गाईचं नाव लिहू लागले. आमचा स्टॉप मागे पडला. मी बसूनच राहिलो. अजून दोन गाई राहिल्या होत्या.