जोडव्यांच्या पैशांचं नाणं

अप्पांनी मागे जमीन ठेवली नाही, कर्जही ठेवलं नाही. एक वाद तेवढा ठेवला, आणि तो मखमलीच्या डबीत होता.

अप्पा बिदरला सरकारी कचेरीत कारकून. जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शिक्के मारले आणि स्वतः एकच अर्ज केला, तो टांकसाळीला. कुठल्याशा सोहळ्याच्या स्मरणार्थ काढलेलं शंभर रुपयांचं चांदीचं नाणं त्यांनी पोस्टानं मागवलं. ते पैसे आईच्या जोडव्यांसाठी बाजूला काढलेले होते. हे आईनं आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की तो प्रसंग मला डोळ्यांनी पाहिल्यासारखा आठवतो. तेव्हा मी पाळण्यात होतो.

"ठेव जपून, भाव येईल," अप्पा म्हणायचे.

"शंभराचं नाणं शंभराहून जास्ती देऊन आनलाव, आन् वर भाव येईल म्हनायलाव!" आई चुलीपासून उत्तर द्यायची.

खरंच, सरकारनं शंभर म्हणून छापलेल्या त्या नाण्याला आमच्याकडच्या मन्नाएखेळ्ळी गावातल्या टपरीवर कुणी चहा दिला नसता. पण अप्पांनी डबीला कुणाला हात लावू दिला नाही. आईला तर नाहीच. आई शेवटपर्यंत पितळी जोडवी घालत राहिली. शेवटपर्यंत म्हणजे अप्पा गेले तोपर्यंत.

गेल्या वर्षी कलबुर्गीला जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं. मी गणिताचा मास्तर. उत्तर सापडल्याशिवाय मला जेवण जात नाही. म्हटलं, दोघांत कोण बरोबर होतं ते एकदा ठरू दे.

"जा की," आई म्हणाली, "कळू दे एकदाचं."

सकाळी तिनं स्वच्छ फडक्यात बांधलेली डबी स्वतःच माझ्या हातात दिली. मी रेल्वेत बसलो. डबी मांडीवर, छाती जरा पुढे. वाद अप्पांनी जिंकावा असं मला मनातून फार वाटत होतं, हेही सांगून टाकतो.

प्रदर्शनातला व्यापारी डोळ्याला भिंग लावून बसला होता. मी विचारलं, भाव ठरतो तरी कशावर?

"हे पाहा अण्णा, वरचा आकडा विसरा," तो म्हणाला. "टांकसाळीनं किती काढली ते एक. त्यातली किती उरली ते दुसरं. डबी आहे का, टांकसाळीचा कागद आहे का. आन् सगळ्यात मोठं म्हणजे हात किती लागले. जितकं कमी वापरलं तितका भाव."

म्हणजे पैसा असून ज्यानं कधी पैशाचं काम केलं नाही, त्याला मान! अप्पांच्या कचेरीतले काही साहेब मला आठवले.

डबी पाहून तो खूश झाला. कागद पाहून सरसावून बसला. नाणं पाहून त्यानं भिंग खाली ठेवलं.

"कोण घासलंय हे?"

नाणं नव्या ताटासारखं लखलखत होतं. मला वाटलं, तेच तर चांगलं! त्यानं भिंग माझ्या हातात दिलं. नाण्यावर बारीक बारीक ओरखड्यांची जाळी होती.

"होतं तसं काळपट आणलं असतं तर मीच मागून घेतलं असतं. आता चांदीच्या वजनावर जाईल. त्यातही अर्धीच चांदी."

परतताना मला एक नामी युक्ती सुचली. आमच्या गल्लीजवळ बिदरी काम करणारे एक चाचा बसतात. किल्ल्यातली माती लावून भांडं काळंकुट्ट करणं हा त्यांचा पिढीजात धंदा. मी नाणं त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, हे जरा काळं करून द्या.

चाचा पोट धरून हसले. "मास्तरसाब, हमारी मिट्टी चांदी को नै लगती! लगती तो बिदरी में सफेद क्या दिखता?"

काळ्या भांड्यात जडवलेली चांदीची नक्षी पांढरी राहते म्हणूनच तर ती कला. जन्म बिदरात गेला, आणि हे मला चाचांनी सांगावं लागलं.

घरी पोचलो तेव्हा मी चांगलाच तापलो होतो. आई उंबऱ्यात वाट पाहत होती.

"नाणं कोण घासलंय, आई?"

"मीच की. पहाटं उठून चिंच आन् राखुंडी लावले. लई काळं पडलं होतं रे. तसंच कसं धाडायचं? चार लोकात तुझ्या अप्पाचं नाक खाली जाईल म्हनून..." ती थांबली. "कामून? काय म्हनला त्यो मानूस?"

चाळीस वर्षं त्या नाण्याला नावं ठेवणारी बाई अप्पांना जिंकवायला पहाटे उठली होती. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"काय म्हणणार? भिंग खाली ठेवलं त्यानं," मी म्हणालो. एवढं तरी खरं होतं. "म्हणाला, ज्यानं घेतलं त्याला नाण्यातलं कळत होतं."

"मंग! कळतच होतं त्यास्नी," आई म्हणाली, जणू इतकी वर्षं तीच हे सांगत होती आणि आम्हीच ऐकत नव्हतो. "इकू नको आता."

तिनं नाणं पदरानं पुसलं. आणखी चार ओरखडे पडले असतील. मग खाली पाहत पायाची मोकळी बोटं तिनं जराशी हलवली.

"बरंच केले म्हन की. जोडवी आनले असते तर ती बी काढून ठेवावी लागली असती."